अर्ध्या विजारीचा अर्थ : ‘प्रकाशवाटा’च्या वाचनातील एक प्रश्न

डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन २००९ साली प्रसिद्ध झाले. मराठी वाचकवर्गात त्यास लाभलेला आदर असाधारण आहे. ह्या आदराची दुसरी बाजू अशी की, त्याने पुस्तकाच्या चिकित्सेला फारसा अवसरच ठेवला नाही. कार्य थोर म्हणून कथन थोर, आणि कथन थोर म्हणून त्यातील प्रत्येक तपशील थोरपणाचे प्रतीक, अशी वाचनाची एक सोपी रूढी ह्या पुस्तकाभोवती तयार झाली. तिच्या तडाख्यात सर्वांत अधिक सापडला तो डॉक्टरांच्या अंगावरील पोशाख. पांढरी बनियन आणि पांढरी अर्धी विजार, ह्या दोनच वस्त्रांत हा शल्यचिकित्सेचा विद्यार्थी राहिलेला वैद्य हेमलकशाच्या रुग्णालयात पाच दशके वावरला. लोकांनी त्यास ‘त्याग’ म्हटले व विषय मिटविला. परंतु तो मिटण्यासारखा नाही. व्यवसायाच्या जागी गुडघ्याच्या वर थांबणारे वस्त्र परिधान करणे म्हणजे नेमके काय, कोणास ते करता येते आणि कोणास येत नाही, हा प्रश्न त्या दोन वस्त्रांनी उभा केलेला आहे. आणि तो पुस्तकाच्या आशयाशी थेट निगडित आहे.

प्रथम शब्दाचीच अडचण लक्षात घेतली पाहिजे. ह्या वस्त्राला रोजच्या बोलण्यात ‘चड्डी’ किंवा ‘हाफ पँट’ म्हणतात. पहिल्या शब्दाने हसू येते आणि दुसऱ्याने शाळा आठवते. ‘अर्धी विजार’ हा ग्रंथांतच आढळणारा शब्द होय. गौरवपर लेखनाला ह्यांपैकी एकही सोयीचा वाटत नाही, म्हणून ते ‘साधी राहणी’, ‘किमान वस्त्रे’ अशा शब्दांचा आडोसा घेते. आडोसा वस्त्राला नसून वस्त्राविषयीच्या संकोचाला आहे. थोर पुरुष आणि चड्डी ही जोडी मराठी गद्याला पेलत नाही, हे ह्यावरून दिसते. उलट स्वतः प्रकाश आमटे बोलताना असा संकोच बाळगीत नाहीत. स्थानिक माणसाच्या अंगावर लंगोटीपलीकडे वस्त्र नसताना आपण अंगभर कपड्यांत वावरणे बरे नव्हे, एवढे साधे कारण त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. त्या सांगण्यात आवाज चढलेला नसतो. पुस्तकाची एकंदर शैलीही ह्याच जातीची आहे: छोटी वाक्ये, घटनेमागून घटना, आणि भावनेचा प्रसंग आला की विषय बदलण्याची जवळजवळ भिडस्त सवय.

हा पोशाख जेथे अर्थपूर्ण ठरला त्या मुलखाची वेषविषयक व्यवस्था ध्यानात घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. आलापल्ली हे त्या मुलखाचे दार. चंद्रपुराकडून येणारी वाट येथे पोहोचते आणि येथून सिरोंचा, एटापल्ली व भामरागड अशा दिशांना रस्ते फुटतात. गाव अहेरी तालुक्यात मोडते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. आलापल्लीची ख्याती सागवानाची. तेथील रान एकोणिसाव्या शतकापासून सरकारने राखून ठेवले, आणि २०१४ साली त्यातील ‘वनवैभव’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वृक्षराजीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ह्या ख्यातीमुळे आलापल्ली हे वनखात्याचे ठाणे बनले. लाकडाचे आगार, कचेऱ्या, विश्रामगृह, ठेकेदारांची वर्दळ, सारे ह्या एका तिठ्यावर एकवटले. तेथून भामरागडच्या वाटेने सुमारे साठ किलोमीटर आत गेले की हेमलकसा लागते, आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती ह्या नद्यांचा संगम.

म्हणजे आलापल्ली ही केवळ भूगोलाची सीमा नव्हती, तर कपड्यांचीही होती. तिच्या अलीकडे कचेरीत जाणारा माणूस विजार-सदरा घाली. तिच्या पलीकडे माडिया पुरुषाच्या कमरेला लंगोटी असे, आणि स्त्रीच्या कमरेभोवती आखूड लुगडे, अंगावर मण्यांच्या माळा व गोंदण. ह्या दोहोंच्या मध्ये उभा असे तो खाकी गणवेश. रानातून जळण आणणारा, मोह वेचणारा, बांबू तोडणारा माडिया आणि सरकार यांची गाठ पडे ती खाकी कपड्यांतल्या माणसाच्या रूपाने. अंगभर वस्त्र ल्यालेला माणूस आला म्हणजे काहीतरी मागावयास, अडवावयास अथवा न्यावयास आला, हा अनुभव पिढ्यांचा. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला तेव्हा आसपासची माणसे नव्या आलेल्यांना पाहून दूर पळत, दवाखान्याकडे फिरकत नसत, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती सांगताना माडियांच्या ‘अज्ञाना’चा उल्लेख करण्याची रीत पडली आहे. ती अन्यायाची आहे. पूर्ण कपड्यांतल्या अनोळखी माणसापासून दूर राहणे हा त्या रानात आलेल्या अनुभवाचा निष्कर्ष होता, आणि तो बहुतांशी बरोबर होता.

ह्या पार्श्वभूमीवर डॉक्टरांची अर्धी विजार पाहिली की तिचे त्यागापेक्षा निराळे रूप दिसू लागते. तिने प्रथम एक काम केले: येणारा माणूस सरकारी नव्हे, हे दुरून कळविले. गळ्यातल्या स्टेथॉस्कोपाने वैद्यपणाची ओळख शहरी रोग्याला पटते. ज्याने ते यंत्र कधी पाहिलेच नाही त्याला ते काय सांगणार? मग उरते शरीर आणि त्यावरचे वस्त्र. बोली परकी, औषध परके, अशा स्थितीत जी भाषा पहिल्या दिवसापासून उपयोगी पडू शकत होती ती वस्त्राची होती. माडिया भाषा शिकण्यास वेळ लागला. अंगरखा उतरविण्यास लागला नाही. ह्या दृष्टीने पाहता पोशाखाचा हा निर्णय भाषा शिकण्याच्या निर्णयाच्या रांगेत बसतो, उपवासाच्या वा व्रताच्या रांगेत नव्हे.

वैद्यकाच्या अंगानेही थोडा विचार व्हावयास हवा, कारण ‘डॉक्टरला हे शोभते का’ हा आक्षेप व्यवसायाच्या नावाने घेतला जातो. वैद्याचा पांढरा डगला हा काही अनादि वेष नाही. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत युरोपातील वैद्य काळ्या कोटात रोगी तपासत. जंतुशास्त्र रुजल्यानंतर प्रयोगशाळेतील पांढरा डगला रुग्णालयात आला आणि शास्त्रीय प्रतिष्ठेची खूण बनला. पुढे त्याच इंग्लंडमध्ये २००७ साली आरोग्यखात्याने रुग्णालयांतील वैद्यांना कोपरापासून खाली हात उघडे ठेवण्याची सूचना दिली. लांब बाह्या, मनगटी घड्याळ, गळपट्टा आणि तो पांढरा डगला सुद्धा तिने वर्ज्य ठरविला. बाह्यांनी रोग किती पसरतो ह्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, ते असोत. परंतु बिनबाह्यांच्या बनियनमध्ये हात धुऊन शस्त्रक्रियेला उभा राहणारा हेमलकशाचा वैद्य व्यवसायधर्म मोडीत होता असे म्हणणाऱ्याने ही सूचना वाचावी. वीज नाही, पंखा नाही, कंदिलाचा उजेड आणि चंद्रपूर मुलखाचा उन्हाळा, अशा परिस्थितीत कोट घालून शस्त्रक्रिया करणारा माणूसच अधिक विचित्र ठरला असता.

येथे एका दूरच्या वस्त्राची तुलना उपयोगी पडते. मध्य प्रांतातील डोंगराळ मुलखाला ‘हायलँड्स’ हे स्कॉटलंडची आठवण देणारे नाव जेम्स फॉर्साइथ ह्या इंग्रज अंमलदाराने आपल्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच दिले. मूळच्या हायलँड्समधील पुरुषाचे वस्त्र म्हणजे किल्ट, कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा. हे वस्त्र आज स्कॉटिश राष्ट्रीयत्वाचे व समारंभाचे मानले जाते. परंतु त्याच्या जन्माची जी हकीकत इतिहासकारांत गाजली ती रानातील कामाची आहे. त्यापूर्वी हायलँडर माणूस एक लांबच लांब लोकरी कापड कमरेला पट्ट्याने आवळून उरलेला भाग खांद्यावर घेई. १७२०-३०च्या दशकात टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज कारखानदाराने ग्लेनगॅरीच्या रानात लोखंडाची भट्टी घातली. झाडे तोडणे, कोळसा पाडणे, भट्टी पेटविणे ह्या कामांत ते पसरट वस्त्र आड येऊ लागले, म्हणून त्याचा खालचा भाग वेगळा करून शिवून घेतला आणि आखूड किल्ट जन्मास आला, असे ही हकीकत सांगते. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली ती पुन्हा पुढे आणून, ‘प्राचीन’ म्हणून मिरविले जाणारे हे वस्त्र अर्वाचीन व तेही एका इंग्रजाने रूढ केलेले आहे, असा टोमणा स्कॉटिश अभिमानाला मारला. आखूड किल्ट त्यापूर्वीही होता असे सांगणारे अभ्यासक आहेत आणि वाद मिटलेला नाही. येथे महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. १७४६च्या कायद्याने हायलँड वेषावर बंदी आली; त्यातून सूट होती ती इंग्रज राजाच्या सैन्यात भरती झालेल्यांना. १७८२ साली बंदी उठली. आणि १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा त्याने स्वतःच किल्ट चढविला, खाली मांसाच्या रंगाचे तंग पायमोजे घालून. वूडतोड्याचे वस्त्र शतकभरात राजाच्या अंगावर गेले, आणि जाताना त्यातील गुडघा झाकला गेला.

किल्टच्या ह्या प्रवासातून वेषाच्या अर्थाविषयी एक गोष्ट हाती लागते. आखूड वस्त्राला स्वतःचा असा अर्थ नसतो. ते कोणी, कोणाच्या देखत, कोणत्या वस्त्राच्या ऐवजी घातले यावर तो ठरतो. भारतातील अर्ध्या विजारीचा इतिहासही असाच दुहेरी आहे. इंग्रज साहेबाने ती घातली तर ती हवामानास अनुसरून, आणि पोलीस शिपायाने घातली तर ती हुद्द्यास अनुसरून. शाळकरी मुलगा अर्ध्या विजारीतून पूर्ण विजारीत जातो त्या दिवशी घरात त्याचे मोठेपण मान्य होते. शिपाई मात्र पन्नाशीतही मुलाच्याच वस्त्रात ठेवला जाई. कामाच्या ठिकाणी गुडघा दिसणे ही कनिष्ठतेची खूण, हा समज आजही गेलेला नाही. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने डिसेंबर २०२० मध्ये काढलेल्या परिपत्रकात कर्मचाऱ्यांनी जीन्स व टी-शर्ट वापरू नये आणि शुक्रवारी खादी वापरावी असे सांगितले. अर्ध्या विजारीचा निषेध करण्याची त्यास गरजही भासली नाही, इतका तो गृहीत आहे. धोतराची गोष्ट निराळी. वकिलांच्या पोशाखाच्या नियमांत ते अद्याप टिकून आहे. मात्र नियमात टिकणे आणि मानाने टिकणे एक नव्हे, हे २०१४ साली चेन्नईत दिसले. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांना वेष्टी नेसल्याच्या कारणावरून एका क्लबच्या दारात अडविण्यात आले, तेव्हा तामिळनाडूच्या विधानसभेला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि फ्रान्समधील नांत शहरात जून २०१७च्या उष्म्यात बसचालकांनी अर्ध्या विजारीस असलेल्या मनाईचा निषेध म्हणून घागरे घालून बस चालविली, कारण स्त्री-चालकांना घागऱ्याची मुभा होती. ह्या चालकांना कोणी संत म्हटले नाही. उकडते आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते पुरेसे होते.

मग हेमलकशाच्या वैद्यालाच संत का म्हणावयाचे? उत्तर मराठी वाचकाच्या स्मरणात आहे. त्या स्मरणात दोन चित्रे आधीपासून टांगलेली आहेत. एक, १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सत्कारप्रसंगी शेतकऱ्याच्या वेषात उपस्थित झालेले जोतीराव फुले. दुसरे, सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरा येथे पंचा पत्करलेले आणि दहा वर्षांनी त्याच वेषात इंग्लंडच्या राजाला भेटलेले गांधीजी. वाचक तिसरे चित्र ह्याच भिंतीवर लावतो. पण ही रांग फसवी आहे. फुल्यांचा वेष हे एका प्रसंगाचे विधान होते. ते राजपुत्राला उद्देशून होते आणि तितक्यात पूर्ण होत होते. गांधीजींचा पंचा संबंध राष्ट्राला व साम्राज्याला दिसावा असाच होता. दिसणे हा त्याच्या कार्याचा भाग होता. हेमलकशाची अर्धी विजार प्रारंभी कोणाला दिसत होती? पावसाळ्यात महिनोन्महिने जगापासून तुटणाऱ्या रानात ती पाहणारे होते ते फक्त माडिया, ज्यांना फुले ठाऊक नव्हते, गांधी ठाऊक नव्हते, आणि प्रतीकाशी ज्यांना कर्तव्य नव्हते. प्रतीकाला प्रेक्षक लागतो. तो पुढे आला; सन्मानांबरोबर, दूरदर्शनबरोबर, सहलींबरोबर आला. ‘प्रकाशवाटा’ वाचणारा वाचक त्या नंतर आलेल्या प्रेक्षकांपैकी आहे आणि तो आपले पाहणे आरंभापर्यंत मागे ढकलतो. त्यागाचे वाचन त्याला सोयीचे आहे. त्याग ही विरळा पुरुषाची गोष्ट असल्याने तिचे अनुकरण करण्याची जबाबदारी राहत नाही; कामाचे वस्त्र म्हटले की मात्र आपल्या कचेरीतील, आपल्या दवाखान्यातील वस्त्राचे काम काय, असा प्रश्न येऊन ठेपतो.

येथवर पुस्तकाची बाजू घेतली. परंतु त्याच्या मर्यादेकडेही पाहिले पाहिजे. डॉक्टरांच्या कारणमीमांसेत माडियांचे वस्त्र हे ‘नसणे’ म्हणून येते: त्यांच्याजवळ कपडे नाहीत, म्हणून आपणही कमी घालावेत. थंडीत शेकोटीभोवती कुडकुडणारी माणसे ज्याने पाहिली त्याने असे म्हणावे यात नवल नाही. दारिद्र्य खरे होते. तरीही लंगोटी, आखूड लुगडे, माळा आणि गोंदण ही केवळ वजाबाकी नाही. तो एका समाजाचा पुरा वेष आहे. त्यात वय, विवाह व नाते वाचता येते. तो वेष कमतरता म्हणून पाहण्याचा दोष ह्या लेखकाचा एकट्याचा नाही, आदिवासींविषयीच्या जवळजवळ सर्व सहृदय मराठी लेखनाचा तो आहे. ‘प्रकाशवाटा’त तो सौम्य आहे, कारण येथे निष्कर्ष ‘त्यांना कपडे घालावेत’ असा न निघता प्रथम ‘आपण उतरवावेत’ असा निघतो.

प्रथम, असे म्हटले. कारण १९७६ साली तेथे शाळा सुरू झाली, आणि शाळेबरोबर गणवेश येतोच. ह्या वस्त्रविचाराचा सर्वांत अर्थगर्भ बिंदू येथे आहे आणि नेमका तोच आजवर दुर्लक्षिला गेला. हेमलकशाच्या अंगणात एका बाजूने नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला माणूस पूर्ण विजारीतून अर्ध्या विजारीत उतरतो. दुसऱ्या बाजूने लंगोटीतले मूल अर्ध्या विजारीत चढते. दोघे एकाच वस्त्रात समोरासमोर उभे राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही समता वाटते. परंतु एकासाठी ते वस्त्र मागे टाकलेल्या कपाटाची आठवण आहे, आणि दुसऱ्यासाठी पुढे मिळावयाच्या कपाटाची पहिली खूण. ज्याच्याजवळ कोट होता त्यालाच तो उतरविण्याचे स्वातंत्र्य असते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची ती पद्धत सोडण्यास सांगितले, जी अस्पृश्यतेची खूण बनली होती. आणि स्वतः ते आयुष्यभर पूर्ण पाश्चात्य पोशाखात वावरले. गांधींचा पंचा आणि आंबेडकरांचा कोट यांत विरोध पाहण्याची सवय आहे. वास्तविक दोघेही एकाच नियमाची दोन टोके दाखवितात. हेमलकशाच्या शाळेतून पुढे वैद्यक शिकून आलेला माडिया तरुण रुग्णालयात पूर्ण विजार घालून उभा राहिला, तर तो आपल्या गुरूच्या मार्गापासून ढळला असे म्हणावयाचे काय? त्यागाच्या वाचनाप्रमाणे तसे म्हणणे भाग पडते. ते वाचन सोडावे लागण्याचे हेच सबळ कारण होय.

ह्या मुलखाविषयीच्या दुसऱ्या एका पुस्तकाची येथे आठवण व्हावी. हेमलकशातीलच कार्यकर्ते विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही १९९२ सालची कादंबरी वनखाते, पोलीस व ठेकेदार यांच्या कचाट्यात सापडलेल्या एका माडिया तरुणाची कथा सांगते. आत्मकथनात जी भीती वैद्याकडे येणाऱ्या वाटेवरचा अडथळा म्हणून येते, तीच येथे कथेचा गाभा आहे. कलाकृती म्हणून कादंबरीत सैलपणा आहे. माहिती देण्याची ओढ पात्रांवर मात करते. पण खाकी कपड्याकडे खालून वर पाहण्याची दृष्टी मराठीत तिने आणली. १९८०च्या सुमारास ह्या रानात सशस्त्र दलमे उतरली आणि आणखी एक गणवेश वाढला. ‘प्रकाशवाटा’तील अर्धी विजार ह्या दोन गणवेशांच्या मधोमध उभी आहे, हे ध्यानात आले म्हणजे तिच्या गणवेश नसण्याचे मोल कळते. कोणत्याही बाजूचा नसलेला माणूस दोन्ही बाजूंना दुरून ओळखू यावा, ही त्या रानात जीविताचीच गरज होती.

२०१४ साली समृद्धी पोरे यांनी डॉक्टरांच्या जीवनावर चित्रपट काढला. त्यात नाना पाटेकर यांनी त्याच दोन वस्त्रांत भूमिका केली. अभिनय संयत आहे. तरी पडद्यावर ती वस्त्रे वेषभूषा होतात, आणि प्रेक्षकाचे डोळे त्यांच्याकडे ज्या भाविकतेने जातात तीत रोग्याचे लक्ष कोठे होते हे विसरले जाते. रोगी विजारीकडे पाहत नसतो. हाताकडे पाहत असतो.

त्याच चित्रपटात, त्याच पुस्तकात, त्याच रुग्णालयात आणखी एक वैद्य आहेत. डॉ. मंदाकिनी आमटे भूलशास्त्र शिकून आल्या, त्याच तारखेपासून त्याच उन्हाळ्यात, त्याच कंदिलाच्या उजेडात त्यांनी काम केले, आणि साडी नेसून केले. त्या साडीवर कोणी निबंध लिहिला नाही, कोणी तिला प्रतीक म्हटले नाही. सहा वार कापड सावरीत बाळंतपणे करणे हा कामाच्या वस्त्राचा प्रश्न नव्हता काय? माडिया स्त्रीत विवाहानंतर चोळी न घालण्याचा रिवाज होता. तिच्या वेषाच्या दिशेने, पतीप्रमाणे, एक पाऊलही टाकणे ह्या स्त्री-वैद्याला शक्य नव्हते, आणि तसे कोणी सुचविलेही नसते. पुरुषाचे उघडे अंग साधेपणा ठरते. स्त्रीच्या अंगाला तो अर्थ घेण्याची मुभा आलापल्लीच्या अलीकडील समाजाने दिलेली नाही. जी समता अर्ध्या विजारीतून वाचली गेली ती अशा रीतीने एकाच वैद्याला खुली होती. ‘प्रकाशवाटा’ हे पतीचे कथन असल्याने त्यात ही साडी पार्श्वभूमीला राहते. पुढील अभ्यासकाने त्या रुग्णालयातील वस्त्रांचा विचार तिच्यापासून आरंभावा, आणि तो करताना चोळी न घातलेली जी स्त्री तपासणीसाठी समोर बसली होती, तिला त्या साडीविषयी काय वाटले हे विचारावयास भामरागडच्या वाटेने जावे.